बॅग भरण्याआधी: परतीच्या रस्त्याचा इतिहास

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून देते आहे. बोलण्याच्या ओघात जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय, तेव्हा बसमध्ये वाचत असाल तर मनातल्या मनात माझ्या आवाजातच वाचा.

आजचा विषय आहे परदेशी जाण्याची तयारी. तीही शिकायला किंवा कायमचं राहायला जाण्याची नाही. वर्षभर जायचं, हिंडायचं, हिंडण्यापुरतं कमवायचं आणि परत यायचं. इंग्रजीत याला ‘वर्किंग हॉलिडे’ म्हणतात. मराठीत याला शब्दच नाही. आपल्याकडे माणूस एक तर कामाला जातो, नाहीतर सुट्टीत मामाच्या गावाला जातो. दोन्ही एकदम करायचं म्हटलं की घरातले लोक तोंडाकडे बघत राहतात.

पण आता ते खरंच करता येतं. भारत आणि ऑस्ट्रेलियाने २ एप्रिल २०२२ला व्यापार करार केला, तो त्याच वर्षी २९ डिसेंबरला लागू झाला. त्या करारात एक छोटी सोय होती. १८ ते ३० वयाच्या १,००० भारतीयांना दरवर्षी एक वर्षाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा त्यासाठी नावं मागवली. जागा हजार आणि इच्छुक कितीतरी जास्त, म्हणून सोडत काढतात, म्हाडाच्या घरांची काढतात तशी. ब्रिटनचीही अशीच एक योजना आहे, दोन वर्षांची, पदवीधरांसाठी. तिथेही सोडतच.

हे सगळं मी का सांगतेय? कारण माझ्या मावसबहिणीचं नाव सोडतीत निघालं.

मावशीचा प्रश्न आणि काकांचा हिशोब

गाव घाटंजी तालुक्यातलं. घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. बहीण यवतमाळला बी.एस्सी. झाली. नाव निघालं तेव्हा ती नाचली आणि मग घरी सांगायची वेळ आली.

मावशी म्हणाली, “काऊन वं, कामाले चालली का फिराले? एक काय ते सांग.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, “खात्यात पैसे निस्ते दाखवाचे हायेत का खर्च कराचे हायेत?”

प्रश्न अगदी बरोबर होता. या व्हिसासाठी साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे आपल्याकडे आहेत असं दाखवावं लागतं. ५,००० डॉलर म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. आता हे काकांच्या भाषेत मांडू. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे तीन लाखांसाठी ४० क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल धरला, तर सात-आठ एकरांचं अख्खं पीक झालं. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी यातलं काहीही वजा न करता.

घरात दोन दिवस याच्यावर चर्चा चालली. ती ऐकताना मला सारखं वाटत होतं, की हे प्रश्न मी कुठेतरी आधी वाचलेत. नंतर आठवलं. १८८३ साली.

सेरामपूरमधले सहा प्रश्न

आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. परदेशात जाऊन डॉक्टर झालेल्या पहिल्या मराठी बाई. पण त्यांच्या ‘तयारी’बद्दल आपण फारसं बोलत नाही.

जन्म १८६५चा. नवरा गोपाळराव टपाल खात्यात, त्यामुळे सारख्या बदल्या. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. तिथून डॉक्टर होण्याची इच्छा पक्की झाली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई होत्या. आनंदीबाई-गोपाळरावांची हकीकत एका मिशनरी मासिकात त्यांच्या वाचनात आली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. म्हणजे तिकडे उतरायला ओळखीचं घर मिळालं. ही तयारीतली पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं समजणारे लोक घरोघरी होते. परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर जात वाळीत टाके. त्यात जाणारी बाई, वय सतरा, आणि नवरा सोबत नाही. लोक रस्त्यात अडवून विचारायचे.

आनंदीबाईंनी काय केलं? जोशी कुटुंब तेव्हा कलकत्त्याजवळ सेरामपूरला होतं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं, इंग्रजीत. लोक जे प्रश्न विचारत होते त्यांची त्यांनी यादीच केली आणि एकेकाला उत्तर दिलं. प्रश्न सहा होते. माझ्या शब्दांत सांगते. अमेरिकेला कशाला जातेस? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीतून बाहेर काढलं तर? तिकडे संकट आलं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही, ते तूच का करतेस?

घाटंजीच्या त्या घरातले प्रश्न याच्या शेजारी ठेवून बघा. पाच तर जसेच्या तसे आहेत. एकच बदललाय. ‘जात काय म्हणेल’च्या जागी ‘लग्नाचं काय’ आलंय.

उत्तरांमध्ये आनंदीबाईंनी एक शब्द दिला, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आज ऐकायला हे जुनाट वाटेल. पण त्या काळात त्याचा अर्थ फार व्यवहारी होता. ज्या दारातून मी बाहेर पडतेय ते माझ्यामागे बंद करू नका, असं त्या सांगत होत्या. जाण्याची परवानगी मागण्यापेक्षा परत येण्याची जागा त्यांनी राखून ठेवली.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिने. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही ठरली. शब्द दिल्याप्रमाणे त्या परत आल्या, पण क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पूर्ण नव्हतं. पुढे त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवली गेली आणि तिथे त्या घराच्या दफनभूमीत ठेवली गेली. म्हणजे त्यांना शेवटी दोन घरं मिळाली. एक जिथून निघाल्या ते, आणि एक जिथे उतरल्या ते.

आपल्याकडून आधी गेला तो कापूस

आता आपल्या भागात येऊ. यवतमाळ जिल्ह्यात प्रवास काही नवा नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या पट्ट्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत. आज तांडा म्हणजे वस्ती. पण मुळात तांडा म्हणजे चालणारा काफिला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस नेणारी ती लदेणी होती. बायकापोरं, सामान, देव, सगळं सोबत. घरच बरोबर असल्यावर ‘परत कधी येणार’ हे कोण कोणाला विचारणार? एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते आणि रेल्वे आली, लदेणी बसली आणि तांडे जागेवर थांबले.

त्याच रेल्वेने दुसरं एक काम केलं. आपल्या भागातला माल समुद्रापार नेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडमधल्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ टाकले गेले. तीच आपली शकुंतला. मी दारव्ह्याची, त्यामुळे मोतीबाग स्टेशनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही! शकुंतलेचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं होतं. १९२३ पासून १९९४च्या एप्रिलपर्यंत ते धावलं. कापूस इथून मुंबईला, मुंबईहून विलायतेला. आणि तिकडून इंजिन इकडे. म्हणजे आपल्या मातीतून परदेशी जाण्याचा रस्ता शंभर वर्षांपूर्वी तयार होता. त्यावरून गाठी जात होत्या, माणसं नाही.

माणसं निघाली ती एकेकटी. त्यातलं एक नाव शेजारच्या वर्ध्याचं आहे.

जायला कागद लागला नाही, यायला लागला

पांडुरंग खानखोजे. वर्ध्यात जन्म, नागपुरात शिक्षण, डोक्यात क्रांती. १९०५-०६च्या सुमारास देश सोडायचं ठरलं तेव्हा ते लोकमान्य टिळकांना भेटले. टिळकांनी जपानला जायला सुचवलं. रशियाला हरवणारं ते आशियातलं राष्ट्र तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. जपानहून खानखोजे अमेरिकेला गेले, शेतीशास्त्र शिकले, लष्करी शाळेत शिकले. खिशात पैसे नव्हते. पडेल ते काम करून फी भरायची, पुढच्या गावी जायचं, पुन्हा काम शोधायचं. व्हिसावर ‘वर्किंग’ असा शिक्का नव्हता एवढंच. गदर पक्षाच्या उभारणीत ते होते.

पुढे १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा हा तिथला जगप्रसिद्ध चित्रकार. त्याच्या एका भित्तिचित्रात मेजाभोवती बसलेल्या माणसांना भाकर वाटणारा जो माणूस आहे, तो आपला वर्ध्याचा खानखोजे. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला.

ऐकायला किती छान, नाही का? पण त्यांच्या परतीचा हिशोब बघा. विशीत निघालेला हा माणूस कायमचा राहायला नागपुरात आला १९५५ साली. सुमारे पन्नास वर्षांनी. इंग्रजांचं राज्य असेपर्यंत उघडपणे यायची सोयच नव्हती.

इथे एक गंमत आहे, आणि ती तुमच्या हातातल्या पासपोर्टशी जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धाआधी बहुतेक देशांत जायला पासपोर्ट लागतच नसे. बोटीचं तिकीट पुरे. युद्धाने ते बदललं. आपल्याकडे १९२० साली पासपोर्टचा कायदा झाला, आणि त्याच्या नावातच काय आहे माहितीये? ‘भारतात प्रवेश’. म्हणजे जाणाऱ्यापेक्षा येणाऱ्यावर नजर. खानखोजे निघाले तेव्हा जायला कागद लागला नाही. परत यायच्या वेळी मात्र कागद आडवा आला.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७च्या जानेवारीत खानखोजे नागपुरात वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी यांच्या खटल्यात निकाल दिला, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायदा केल्याशिवाय सरकार पासपोर्ट नाकारू शकत नाही. पाच न्यायमूर्तींपैकी तिघे बाजूने, दोघे विरुद्ध. इतक्या थोडक्यात! लगेच जूनमध्ये पासपोर्टचा नवा कायदा आला. आज आपण ऑनलाइन फॉर्म भरतो, अपॉइंटमेंट घेतो, पोलीस चौकशी होते आणि पासपोर्ट टपालाने घरी येतो. तो उपकार नाही, हक्क आहे. आणि तो हक्क तुमच्या आजोबांना तरुणपणी नव्हता.

वणीचा माणूस आणि चहामळ्यातलं कर्ज

आता तिसरी गोष्ट, आणि ही आपल्याच जिल्ह्यातली. लोकनायक बापूजी अणे. १८८०चा जन्म, वणीचा. वणी म्हणजे एके काळी जिल्ह्याचं नावच ते होतं. ‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव १९०५चं. बापूजी यवतमाळला वकिली करत. १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. १९४७ पर्यंत तिथे होते.

तिथे भारतीय प्रतिनिधीचं मोठं काम कोणाविषयी होतं? कामासाठी परदेशी गेलेल्या माणसांविषयी. चहा आणि रबराच्या मळ्यांत लाखो तमिळ मजूर होते. ते कसे गेले होते? गावातलाच, ओळखीचा एक माणूस यायचा, त्याला कंगाणी म्हणत. तो आगाऊ पैसे द्यायचा, बोटीचा खर्च करायचा आणि टोळी घेऊन जायचा. हे पैसे मजुराच्या नावावर कर्ज म्हणून चढायचे. मळ्यात पाऊल टाकायच्या आधीच माणूस देणेकरी. कर्ज फिटल्याशिवाय हलायचं नाही. पिढ्या तिथेच गेल्या. आणि १९४८ साली सिलोनने नागरिकत्वाचा कायदा केला, तेव्हा त्यातले बहुसंख्य लोक कुठल्याच देशाचे उरले नाहीत. तिकडचे नाहीत आणि इकडचेही नाहीत.

ऊसतोडीची उचल माहीत असेल तर हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. नाव बदलतं, पद्धत तीच.

भारताने १९२२ साली परदेशी जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा केला, नंतर १९८३ साली नवा केला. काहींच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शिक्का असतो, तो याच कायद्यातून आलाय. दहावी पास नसलेल्या माणसाला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते, त्याला कोणी फसवू नये म्हणून. त्यामुळे दहावीची सनद पासपोर्टच्या फॉर्मसोबत नक्की जोडा. तो शिक्का टळतो.

मग तयारी म्हणजे काय?

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एकच धागा दिसतो. आनंदीबाईंनी निघण्याआधी परतीची जागा राखली. खानखोज्यांनी परतीचा रस्ता जाणूनबुजून तोडला, कारण त्यांचं काम त्याहून मोठं होतं, आणि त्याची किंमत पन्नास वर्षं मोजली. मळ्यातल्या मजुरांचा परतीचा रस्ता दुसऱ्याने कर्जाच्या वहीत बंद केला, आणि त्यांना ते कळलंही नाही. जाड जॅकेट, कुकर, मसाल्याची पाकिटं ही बॅग भरणं झाली. तयारी म्हणजे परतीचा रस्ता कोणाच्या हातात आहे, हे निघण्याआधी माहीत असणं.

म्हणून तुमच्यापैकी जे सोडतीत नाव टाकणार आहेत त्यांना थोडं व्यवहाराचं सांगते. पहिल्या सोडतीला ऑस्ट्रेलियाची नोंदणी फी होती फक्त २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पासपोर्ट आणि पॅन कार्ड हवं. नाव यंत्रातून निघतं. ‘आम्ही नाव काढून देतो’ म्हणणारा कोणीही, कितीही गोड बोलला तरी, नशीब विकतोय. नाव निघालं तर पुढे इंग्रजीची परीक्षा आणि बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचा पुरावा लागतो. तिकडे एका मालकाकडे साधारण सहा महिनेच काम करता येतं, त्यामुळे ‘एकदा नोकरी लागली की झालं’ असं समजू नका. अटी आणि रकमा बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा.

आणि पैसे. व्याजाने आणलेले तीन लाख खात्यात दाखवून गेलात, तर तिकडची पहिली कमाई हिंडायला नाही, हप्त्याला जाईल. मग ती सुट्टी राहत नाही, उचल होते.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर बहिणीने कागदावर लिहून दिलं. पहिल्या दीड महिन्यात काम मिळालं नाही तर किती खर्च होईल, ते. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही, ते. यंदाचा सगळा कापूस नाही, निम्माच. उरलेले तिच्या शिकवणीच्या साठलेल्या पैशांतून. काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि बँकेच्या पासबुकात ठेवला. होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. पण दुसऱ्या दिवशी कापूस विकायला निघाले, तेव्हा तिला म्हणाले, “चाल, तू बी काट्यावर ये. भाव ऐक, माप पाह्य.” मावशीचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि तो तसाच राहील असं मला वाटतं. आयांचा तो हक्क आहे.

या आठवड्यात तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरातून पहिल्यांदा गाव सोडून कोण गेलं, ते विचारा. पुण्याला, सुरतेला, दुबईला, कुठेही. जाताना पैसे कोणाचे होते आणि परत यायचं कसं ठरलं होतं, हे दोन प्रश्न नक्की विचारा आणि उत्तर त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून पाठवा. आलेल्यातले निवडक आवाज पुढच्या भागात ऐकू.

भेटूया. तोवर फोन चार्ज ठेवा आणि घरच्यांशी बोलत राहा.